बॅशच्या प्रॉम्प्टमधून टर्मिनलच्या खिडकीला नाव द्या

तीन सर्व्हरवर एसएसएच केले, म्हणजे दुरून लॉगइन केले, की तिन्ही टॅब सारखेच दिसतात आणि रीबूटची कमांड भलत्याच मशीनवर जाते. टॅबवर मशीनचे नाव असले की हा धोका बराच टळतो.

टर्मिनलला नाव सांगायचा संकेत असा: `\033]0;नाव\007`. सुरुवातीला एस्केप, शेवटी बेल. शून्याऐवजी 2 लिहिलेत तर आयकॉनचे नाव बदलत नाही, फक्त खिडकीचे बदलते.

आधी करून बघा. प्रिंटएफ कमांडला `'\033]0;चाचणी\007'` द्या आणि त्याच ओळीत अर्धविराम देऊन पाच सेकंदांचा स्लीप लावा. स्लीप हवाच. बॅश म्हणजे कमांड चालवणारा शेल, आणि बॅशआरसी ही तो सुरू होताना वाचतो ती सेटिंगची फाइल. उबुंटूच्या मूळ बॅशआरसीत शीर्षक लिहिणारा तुकडा आधीपासून असतो. प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड लिहायच्या जागेआधीचा मजकूर, आला की तो तुकडा तुमचे नाव लगेच पुसतो.

म्हणून नाव प्रॉम्प्टमध्येच, म्हणजे पीएस१ या व्हेरिएबलमध्ये ठेवायचे. होम डिरेक्टरीतल्या डॉट-बॅशआरसी फाइलच्या अगदी शेवटी पीएस१ला नवे मूल्य द्या. दुहेरी अवतरणात आधी डॉलर लावून जुना पीएस१, त्याला चिकटून `\[\033]0;`, मग नाव, आणि शेवटी `\007\]`. पीएस१ कॅपिटलमध्ये, बरोबरच्या चिन्हाभोवती स्पेस नको. जुने मूल्य आधीच हवे. ते मागे टाकलेत तर उबुंटूचा तुकडा तुमच्यानंतर छापला जातो, आणि शेवटी आलेलेच नाव टिकते.

नावाच्या जागी बॅकस्लॅश लावून स्मॉल एच लिहिले की मशीनचे नाव येते, स्मॉल डब्ल्यू लिहिले की पूर्ण पाथ, कॅपिटल डब्ल्यू लिहिले की फक्त शेवटची डिरेक्टरी. टॅब अरुंद असतो, पूर्ण पाथ त्यात मावत नाही. आधी मशीन, मग शेवटची डिरेक्टरी, हाच क्रम ठेवा. सर्व्हरचे नाव तिथल्या प्रॉम्प्टमधूनच येते, त्यामुळे हीच ओळ प्रत्येक सर्व्हरवरही टाका.

बहुतेकांचे घोडे अडते ते `\[` आणि `\]` पाशी. मधली अक्षरे पडद्यावर जागा घेत नाहीत, हे बॅशला या खुणांवरून कळते. त्या विसरलात तर बॅश प्रॉम्प्टची लांबी चुकीची मोजते: लांब कमांड खालच्या ओळीवर न जाता त्याच ओळीवर चढते, आणि वरच्या बाणाने जुन्या कमांड चाळताना आधीची अक्षरे मागे उरतात. प्रिंटएफमध्ये मात्र या खुणा घालू नका, तिथे त्या जशाच्या तशा छापल्या जातील.

नुसता प्रिंटएफ बॅशआरसीत टाकून काम भागवू नका. एसएसएचवरून एससीपी किंवा आरसिंक या फाइल पाठवायच्या कमांड चालतात तेव्हाही ती फाइल वाचली जाऊ शकते, आणि आगंतुक अक्षरे मध्ये आली की फाइल पाठवणे फसते. पीएस१ तेव्हा छापलाच जात नाही.

सगळे नीट लिहूनही केडीईच्या कन्सोल (Konsole) या टर्मिनलमध्ये टॅब बदलत नसेल, तर प्रोफाइलच्या टॅब सेटिंगमध्ये शेलने दिलेले शीर्षक दाखवायचा पर्याय निवडा. टीमक्स हा एका खिडकीचे अनेक भाग करणारा प्रोग्राम; त्यात हे नाव पेनला, म्हणजे त्या एका भागाला लागते. बाहेरच्या खिडकीवर हवे असेल तर सेट-टायटल्स ऑन करावे लागते.