खेळाडूला स्पॅनिशमध्ये काय म्हणावं?

स्पॅनिश शिकायला लागलेल्यांच्या वह्यांत एक शब्द हमखास सापडतो: 'हुगादोर'. पोहणारा हुगादोर, धावणारी हुगादोरा, नेमबाजही हुगादोरच. इंग्रजी 'प्लेअर'चा प्रतिशब्द एकदा पाठ झाला की तो सगळीकडे चिकटवला जातो. मी स्पॅनिश शिकवते आणि क्रीडाविषयक मजकुराची भाषांतरंही करते. या बाबतीत नव्या विद्यार्थ्यांना माझं पहिलं सांगणं असतं, इंग्रजी बाजूला ठेवा आणि मराठी वर्तमानपत्राचं क्रीडापान डोळ्यांसमोर आणा. तिथे धावपटू असतो, जलतरणपटू असतो, नेमबाज, मल्ल, बुद्धिबळपटू असतात. प्रत्येकाला आपापलं नाव. स्पॅनिशची चाल अशीच आहे.

'हुगादोर' हा 'हुगार', म्हणजे खेळणे, या क्रियापदापासून आला. (यातला 'ह' स्पेनमध्ये घशातून, जवळजवळ 'ख'सारखा ऐकू येतो.) ज्या प्रकाराला स्पॅनिश माणूस 'हुगार' वापरतो, त्याच प्रकारात हुगादोर असतो. फुटबॉल, टेनिस, बॅडमिंटन, क्रिकेट, कबड्डी, खो-खो इथे तो चालतो. पोहणं, धावणं, ज्युदो, कुस्ती, योग यांना 'हुगार' लागत नाही. तिथे 'प्राक्तिकार' (सराव करणे) किंवा 'आसेर' (करणे) ही क्रियापदं येतात. इथे मात्र मराठीही थोडी फसवते, कारण आपण 'कुस्ती खेळतो' असं सर्रास म्हणतो. मल्लखांबाचं वर्णन करायची वेळ आली, तर 'प्राक्तिकान्ते दे मल्लखांब' म्हणा आणि पुढे एका वाक्यात खांबावरच्या कसरती समजावून सांगा. हुगादोर म्हटलंत तर वाचणारा चेंडू शोधत बसेल.

आणखी एक सावधगिरी. 'मी एर्मानो एस हुगादोर', माझा भाऊ हुगादोर आहे, एवढंच म्हणून थांबलात तर ऐकणाऱ्याला भाऊ जुगारी वाटू शकतो. म्हणून पुढे खेळाचं नाव जोडायचंच: 'हुगादोर दे बादमिन्तोन'. बॅडमिंटनला रुळलेला एकशब्दी पर्याय नाही, त्यामुळे २०१६च्या रिओ ऑलिंपिक अंतिम सामन्यात पी. व्ही. सिंधूला हरवणारी कारोलिना मारिन स्पॅनिश बातम्यांत 'हुगादोरा दे बादमिन्तोन' असते. क्रिकेटचंही तेच. सचिन तेंडुलकर 'हुगादोर दे क्रिकेत'. फलंदाजाला 'बातेआदोर' आणि गोलंदाजाला 'लान्सादोर' हे बेसबॉलचे शब्द चालतात, पण क्रिकेट न पाहिलेल्या वाचकासाठी आधी खेळाचं नाव येऊ द्या.

जिथे एकशब्दी नाव आहे तिथे तेच वापरा. 'हुगादोर दे फुतबोल' चूक नाही, पण 'फुतबोलिस्ता' जास्त सहज येतं. हा '-इस्ता' प्रत्यय मराठी माणसाला लगेच उमगावा, कारण तो आपल्या '-पटू'सारखा वागतो: खेळाच्या नावाला लागतो आणि स्त्री-पुरुष दोघांना तसाच राहतो. 'एल तेनिस्ता' आणि 'ला तेनिस्ता', बदलतं ते फक्त उपपद. आइताना बोन्माती 'फुतबोलिस्ता', लिओनेल मेस्सीही 'फुतबोलिस्ता'. 'फुतबोलिस्तो' असा शब्द नाही. विद्यार्थी तो दरवर्षी नव्याने तयार करतात. नागपूरची दिव्या देशमुख, २०२५च्या फिडे महिला विश्वचषकाची विजेती, ही 'आहेद्रेसिस्ता', म्हणजे बुद्धिबळपटू. '-दोर'चं मात्र '-दोरा' होतं: पोहणारा नादादोर, पोहणारी नादादोरा. 'आत्लेता' आणि 'हिम्नास्ता' (जिम्नॅस्ट) दोन्ही लिंगांत सारखेच.

'आत्लेता' हा शब्द कोणत्या देशात वापरताय ते पाहून वापरावा लागतो. स्पेनमध्ये आत्लेता म्हटलं की मैदानी स्पर्धा, म्हणजे धावणं, उड्या आणि फेक. मेक्सिको, कोलंबियासारख्या देशांत तो कुठल्याही स्पर्धात्मक खेळातल्या व्यक्तीला लावतात. त्यामुळे ऑलिंपिक पथकातल्या सगळ्यांना मिळून एक शब्द हवा असेल, तर 'देपोर्तिस्ता' दोन्हीकडे निर्धोक आहे. रोज टेकडी चढणारे तुमचे काकाही देपोर्तिस्ता. पदक लागत नाही. मात्र 'देपोर्तिवो' वेगळा. तो कपड्यांना, क्लबला, वृत्तीला लागणारा विशेषण-शब्द आहे. मोकळ्या वेळेत काय करता, असं तोंडी परीक्षेत विचारलं तर 'सोय देपोर्तिस्ता' म्हणा. आणि हो, इथे 'उन', म्हणजे 'एक', लावायचा नाही. मराठीत आपण 'मी एक टेनिसपटू आहे' म्हणत नाही, 'मी टेनिसपटू आहे' म्हणतो; स्पॅनिशही 'सोय तेनिस्ता'च म्हणते. विशेषण आलं की 'उन' परत येतो: 'एस उन ग्रान तेनिस्ता'.

मैदानी स्पर्धांतली नावं शिकायला मला फार आवडतात, कारण ती नेमकी आहेत. कमी अंतराचा धावपटू 'वेलोसिस्ता', लांब पल्ल्याचा 'फोन्दिस्ता', चालण्याच्या शर्यतीतला 'मार्चादोर'. नीरज चोप्रा 'लान्सादोर दे हाबालिना'. बीडचा अविनाश साबळे धावतो ती अडथळ्यांची शर्यत '३००० मेत्रोस ओब्स्ताकुलोस', म्हणून तो 'कोर्रेदोर दे ३००० मेत्रोस ओब्स्ताकुलोस'. नुसतं 'कोर्रेदोर' लिहून थांबू नये. त्याचा अर्थ घरातला बोळ होतो आणि 'कोर्रेदोर दे बोल्सा' तर शेअर दलाल.

आता ज्यावर भाषांतरकाराची खरी परीक्षा होते तो भाग. गोलरक्षक स्पेनमध्ये 'पोर्तेरो', कारण तिथे गोलपोस्टला 'पोर्तेरिया' म्हणतात. अर्जेंटिनात गोलपोस्ट म्हणजे 'आर्को', म्हणून गोलरक्षक 'आर्केरो'. २०१०चा विश्वविजेता कर्णधार इकेर कासियास पोर्तेरो, तर २०२२च्या विश्वविजेत्या संघातला एमिलियानो मार्तिनेस त्याच्या देशात आर्केरो. दोघांनाही चालेल असा 'ग्वार्दामेता' आहे, पण तो लेखी वळणाचा. गंमत पुढे आहे: 'आर्केरो'चा अर्थ तिरंदाजही होतो. साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३मध्ये बर्लिनला तिरंदाजीचं वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवलं. तिची ओळख अर्जेंटिनातल्या वाचकाला करून देताना 'आर्केरा' लिहिलंत, तर त्याला आधी हातमोजे घातलेली मुलगी दिसेल. 'तिरादोरा कोन आर्को' लिहिलं की शंका उरत नाही. पुढचे दोन शब्द गाळले तर उरते ती 'तिरादोरा', आणि ती नेमबाजही असू शकते. पॅरिसमध्ये कांस्य जिंकणारा कोल्हापूरकर स्वप्नील कुसाळे 'तिरादोर'च.

असंच 'लुचादोर'चं. मेक्सिकन माणसाला हा शब्द ऐकला की 'लुचा लिब्रे' या करमणुकीच्या कुस्तीतले मुखवटा घातलेले पैलवान आठवतात, त्यांच्यातला एल सान्तो आठवतो. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांबद्दल लिहिताना म्हणूनच 'लुचादोर ओलिम्पिको' असं पूर्ण लिहावं. तो मान त्यांचा आहे, शब्दाच्या आळसापायी तो मुखवट्याआड जाऊ नये. कॅरिबियन भागात बेसबॉल खेळणारा 'पेलोतेरो'. क्युबात, डोमिनिकन प्रजासत्ताकात हा अभिमानाचा शब्द. अर्जेंटिनात मात्र पेलोतेरो म्हणजे लहान मुलांनी चेंडूंच्या ढिगात लोळायची जागा. बास्केटबॉलसाठी स्पेनमध्ये 'बालोन्सेस्तिस्ता', लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी 'बास्केतबोलिस्ता'.

हे सगळं यादी करून पाठ होत नाही. एकच सामना दोन देशांच्या वर्तमानपत्रांत वाचा: स्पेनचं 'मार्का' आणि अर्जेंटिनाचं 'ओले'. टोकियो ऑलिंपिकमधला भारत-अर्जेंटिना महिला हॉकीचा उपांत्य सामना घ्या. आपण तो १-२ने हरलो, तेव्हा निकाल आणि नावं तुम्हाला आधीच माहीत आहेत आणि लक्ष शब्दांवर राहतं. अर्जेंटिनाच्या मुलींना तिथे 'लास लेओनास', सिंहिणी, म्हणतात. वाचताना 'ला ओनुबेन्से' किंवा 'एल मानाकोरि' असे शब्द अडतील. ते खेळाचे नाहीत, गावाचे आहेत: वेल्वाची मारिन, मानाकोरचा नादाल. तेच नाव पुन्हा पुन्हा येऊ नये म्हणून स्पॅनिश पत्रकार ही सोय वापरतात.

आपल्या खेळाडूंबद्दल लिहिताना ती सोय साताऱ्यासाठी वापरता येत नाही, देशाचं नाव लागतं, आणि तिथे शेवटची निवड असते. 'भारतीय' म्हणजे 'इन्दियो', 'इन्दिया'. पण लॅटिन अमेरिकेत 'इन्दियो'ने तिथल्या आदिवासींचाही बोध होतो, म्हणून तिथली वर्तमानपत्रं पुष्कळदा भारतीय खेळाडूला 'इन्दु' म्हणतात. हा शब्द धर्माचाही आहे. मुसलमान किंवा ख्रिस्ती खेळाडूला तो लावलेला मला पटत नाही. मी 'दे ला इन्दिया' लिहिते: 'ला आहेद्रेसिस्ता दे ला इन्दिया'. दोन शब्द वाढतात, पण ते माद्रिदमध्येही कळतं आणि लिमामध्येही.