ब्रेक मारला की पिकअपचं स्टेअरिंग थरथरतं? डिस्क बदलायच्या आधी या चुका टाळा

आमची पिकअप आठवड्यातून तीन-चार वेळा नाशिकवरून भाजी घेऊन वाशी मार्केटला येते. मागच्या पावसाळ्यात कसारा घाट उतरून शहापूरच्या पुढे आलो, ७० च्या स्पीडला ब्रेक मारला आणि स्टेअरिंग असं हलायला लागलं की डॅशबोर्डवरचा गणपती पण डुलायला लागला. ब्रेक सोडला की सगळं शांत. मी काय केलं, तर चाकांचं बॅलन्सिंग केलं. एकदा नाय, दोनदा. फरक शून्य.

तर पहिली चूक हीच. ब्रेक न मारता ८०-९० ला गाडी थरथरत असेल तर बॅलन्सिंग, टायर, रिम बघायचं. ब्रेक मारल्यावरच थरथरत असेल तर सरळ ब्रेककडे बघायचं, अलाइनमेंटवर उगाच पैसे घालवू नका. आणि कुठे हलतंय ते पण नीट बघा. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना पुढे डिस्क (चाकासोबत फिरणारी लोखंडी थाळी, तिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात) आणि मागे ड्रम (आतून दाबून ब्रेक लागतो तो डबा) असतात, त्यामुळे हातात जाणवलं तर बहुतेक वेळा पुढचं काम, सीटखाली जाणवलं तर मागच्या ड्रमवर संशय घ्यायचा. खात्री करायची तर रिकामा सरळ रस्ता बघून ३०-४० ला बटण दाबून धरून हँडब्रेक हळूच ओढा, कारण तो मागच्याच चाकांवर काम करतो. तेव्हा पण गाडी हलली तर ड्रम. (ओल्या रस्त्यावर हा प्रयोग करू नका, मागची चाकं घसरतात.) एबीएसवाल्या गाडीत (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सिस्टिम) जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली टकटकतं, तो बिघाड नाही.

दुसरी चूक म्हणजे गॅरेजवाला म्हणतो "डिस्क बेंड झाली" आणि आपण मान डोलवतो. डिस्क केळ्यासारखी वाकडी फार क्वचित होते. बहुतेक वेळा तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, किंवा पॅडचा मसाला एका ठिकाणी चिकटून डाग पडलेला असतो. हा फरक ०.०२ मिलिमीटर असला तरी हाताला कळतो, डोळ्याला दिसणार पण नाही. त्यामुळे नुसतं बघून "बेंड आहे" म्हणणाऱ्यावर मी आता विश्वास ठेवत नाही. डायल गेज (डिस्क फिरताना किती डुलते ते दाखवणारं काट्याचं मीटर) लावणारा मिस्त्री शोधा.

आता माझी खरी गंमत. मी नवीन डिस्क टाकल्या, नवीन पॅड टाकले, गाडी मस्त चालली, दीड-दोन महिने. मग परत तेच. मी डिस्कलाच शिव्या देत बसलो होतो, शेवटी कुर्ल्याला एका म्हाताऱ्या मिस्त्रीने चाक काढलं, डिस्क उतरवली आणि जिथे डिस्क टेकते तिथे हबवर, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं त्या मधल्या भागावर, बोट फिरवलं. "इकडे या, हात लावा." नखाएवढा गंजाचा पापुद्रा. जुनी डिस्क काढताना तो कुणी साफच केला नव्हता, नवीन डिस्क त्याच्यावरच बसवली. म्हणजे डिस्क केसाएवढी तिरकी, प्रत्येक फेरीला पॅडला एकाच जागी घासणार, आणि हजारो फेऱ्यांनी तिथली जाडी कमी होणार. सुरुवातीला काहीच जाणवत नाही, हीच तर फसवणूक आहे. त्यांनी तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने हब चकचकीत केला, डिस्क लेथवर दोन्ही बाजूंनी फेस करून, म्हणजे तासून सपाट करून आणली, नट लावून घट्ट बसवली आणि मग गेज लावून चाक फिरवलं. काटा ०.०५ मिलिमीटरच्या आत. बेअरिंग त्यांनी त्याआधीच हलवून बघितली होती, कारण बेअरिंग ढिली असेल तर गेज पण खोटं बोलतं. फेसिंग करताना डिस्कवर कोरलेली किमान जाडी बघा, तिच्या खाली जात असेल तर बदलाच.

कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्या पिनांवर तो सरकतो त्या पण अडकतात, पावसाळ्यानंतर तर हमखास. पिन जाम झाली की एक पॅड डिस्कला घासतच राहतो आणि ते चाक तापतं. साफ करून ग्रीस लावायचं, पण ब्रेकचंच. साधं चेसिसचं ग्रीस रबर फुगवतं आणि पिन परत जाम. नवीन डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल असतं, ते आपल्याकडे रॉकेलने पुसतात, त्याचा तेलकट थर राहतो आणि पॅड खराब होतो. ब्रेक क्लीनर वापरा.

घाटात पाय ब्रेकवरच ठेवून उतरायची सवय असेल तर आधी ती सोडा. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. आणि खाली टोलच्या लाईनमध्ये तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहू नका, डाग तिथेच पडतो, थोडं अंतर ठेवून पुढे सरकत राहा. घाट उतरल्या उतरल्या वॉशिंग सेंटरला तापलेल्या डिस्कवर पाण्याचा फवारा मारणारे पण बघितलेत मी, ते पण करू नका.

नवीन पॅड टाकल्यावर लगेच माल भरू नका. रिकाम्या रस्त्यावर ५०-६० वरून १५-२० पर्यंत मध्यम ब्रेक दहा-बारा वेळा, पूर्ण न थांबता, मध्ये थोडं गार होऊ देत.

थरथर अचानक आली, सोबत आवाज येतोय किंवा पेडल खाली जातंय, तर गाडी बाजूला घ्या आणि आधी चाकाचे नट बघा. टायर काढला की पंक्चरवाला एअर गनने कचाकच नट आवळून मोकळा होतो, एक जास्त घट्ट एक कमी, त्याने पण डिस्क तिरकी बसते. मी आता त्याला हातपान्यानेच आवळायला लावतो, समोरासमोरचे नट आळीपाळीने, आणि शंभर किलोमीटरनंतर स्वतः परत एकदा पाना लावून बघतो. तो वैतागतो, पण करतो.