अप होलचं चिन्ह: एक्सेलमधून सरपॅकमध्ये जाताना

खाणीतल्या ड्रिल होलच्या डेटाबेसचे चार तक्ते तुम्हाला माहीत असणारच: कॉलर (होलच्या तोंडाची जागा), सर्व्हे (होलची दिशा आणि कल), अ‍ॅसे (नमुन्यांच्या तपासणीचे आकडे) आणि लिथॉलॉजी (खडकाचा प्रकार). त्यांवर वेळ घालवत नाही. मी फसलो ते डिपच्या, म्हणजे होल आडव्या पातळीपासून किती अंश कललाय त्याच्या, रकान्यात. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

नोकरीचा तिसरा महिना होता. खाण भूमिगत. जुनी एक्सेल फाइल साफ करून सरपॅक या खाणकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये डेटाबेस उभा करायचा होता. सरपॅकला खाली जाणाऱ्या होलचा डिप उणे लागतो. डेटामाइन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बरोबर उलट. फाइलमधल्या आकड्यांना चिन्हच नव्हतं: ६०, ४५, ३०. सीनियर म्हणाले, “सगळा रकाना उणे एकने गुण आणि टाक.” मी टाकला. एकही एरर आली नाही, आणि मी निर्धास्त झालो.

जमिनीवरून मारलेल्या होलना हे चालून गेलं असतं, कारण ते खालीच जातात. ड्राइव्हमधून, म्हणजे खाणीतल्या आडव्या बोगद्यातून, मात्र पंख्यासारखे होल मारतात आणि त्यातले कितीतरी छतात, वर जातात. समजा कॉलर २०० आरएलवर (ठरवलेल्या पातळीपासून २०० मीटर उंचीवर) आहे, होल ६० मीटरचा आणि ३० अंश वर. त्याचं टोक २३० वर येतं. चिन्ह उलटलं की तेच १७० वर. ६० मीटरची चूक! आणि सॉफ्टवेअर गप्प, कारण उणे ३० हाही वैध डिपच. इंटरव्हलचा (‘फ्रॉम’ ते ‘टू’ या खोलीच्या तुकड्यांचा) ओव्हरलॅप, कॉलरमधल्या खोलीच्या पलीकडे गेलेला ‘टू’, कॉलर नसलेला होल, एवढं सॉफ्टवेअरचं व्हॅलिडेशन, म्हणजे तपासणी, पकडतं. होल छतात मारला की तळात, हे त्याला कुठून कळणार?

ते शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेलं होतं, ‘अप’ किंवा ‘डाऊन’. तो रकाना मी बिनकामाचा समजून उडवला होता.

चूक पकडली ड्रिलरदादांनी. सेक्शन, म्हणजे खाणीचा उभा छेद, बघून म्हणाले, “हा तर वरचा होल, साहेब. पाणी आमच्या अंगावर पडत होतं.” तोवर त्या सेक्शनवर प्लॅनिंगचं काम सुरू झालं होतं.

म्हणून मूळ फाइलला हात लावू नका, कॉपीवर काम करा. मी वाचलो तो केवळ मूळ फाइल जशीच्या तशी होती म्हणून. दोन दिवसांत सगळं सुधारलं. तुमच्याकडून असं झालं तर घाबरू नका, पण लपवूही नका. कुणी तयार मॅक्रो दिला तर तो ओळ न् ओळ समजल्याशिवाय चालवू नका. आणि शिकायचंच तर जो तुमच्यासोबत खाली उतरतो त्याच्याकडून शिका; नुसतं स्क्रीनवर बोट ठेवून सांगणाऱ्यांवर माझा आता विश्वास नाही.

होल आयडीचंही, म्हणजे होलच्या नंबराचंही, सांगतो. ‘५-१२’ टाइप केलं की एक्सेल त्याची ५ डिसेंबर करतं, आणि मग रकाना टेक्स्ट केला तर ४५९९६ सारखा आकडा उरतो. रकाना आधी टेक्स्ट करा, मग भरा.

इम्पोर्ट झाल्यावर एक अप होल आणि एक डाऊन होल निवडा. सरळ होल असेल तर लांबी गुणिले डिपचं साइन, ते कॉलरच्या आरएलमध्ये मिळवा, अगदी वहीत, हाताने. स्क्रीनवरच्या टोकाशी जुळलं की मगच अ‍ॅसेकडे वळा.