ग्रिडचा आरंभकोपरा आणि सॉफ्टवेअरपूर्वीची तयारी

पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर ग्रॅडिओमीटरने (जमिनीतले बारीक चुंबकीय फरक मोजणाऱ्या उपकरणाने) सर्वेक्षण करून त्याचे आकडे जिओप्लॉट, टेरासर्व्हेयर किंवा विनामूल्य मिळणाऱ्या स्नफलर या सॉफ्टवेअरमध्ये घालण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांच्यासाठी ही तयारी लिहीत आहे. मागील हंगामात आम्ही २० मीटर बाजूच्या १४ ग्रिड, म्हणजे जमिनीवर आखलेले चौरस, मोजल्या. नकाशात एका दगडी पायाची रेष ग्रिडच्या सीमेवर तुटून सुमारे ८ मीटर बाजूला पुन्हा सुरू झालेली दिसली. तिचा अर्थ आम्ही नंतरच्या काळात बांधलेली दुसरी भिंत असा लावला आणि त्या दुसऱ्या भिंतीवर खड्डा घेतला. सव्वा मीटर खाली जाईपर्यंत तेथे माणसाचा हात न लागलेली काळी माती निघाली. मूळ भिंत सलग होती; तीन ग्रिड आम्हीच संगणकावर उलट्या बसवल्या होत्या.

चूक कशी झाली ते आधी सांगतो. बाकीच्या सर्व ग्रिड नैर्ऋत्य कोपऱ्यातून उत्तरेकडे चालत सुरू केल्या होत्या, परंतु त्या तीन ग्रिडांच्या कडेला बाभळी असल्यामुळे त्या समोरच्या कोपऱ्यातून सुरू कराव्या लागल्या. चालणाऱ्याला हे ठाऊक होते, वहीत मात्र कोणीच लिहिले नाही, आणि संगणकावर बसलेली व्यक्ती त्या दिवशी शेतात नव्हती. उपकरणातून निघते ती केवळ आकड्यांची माळ. एक मीटर अंतरावरच्या रेषा आणि प्रत्येक रेषेवर पाव मीटरला एक वाचन, म्हणजे ग्रिडमागे १६०० आकडे, आणि त्यांतला एकही आकडा आपण कोणत्या कोपऱ्यातला आहे हे सांगत नाही. चार कोपरे आणि प्रत्येक कोपऱ्यातून निघण्याच्या दोन दिशा धरल्या, तर एक चौरस ग्रिड आठ प्रकारे बसू शकते. तीन ग्रिड मिळून ५१२ प्रकार होतात. म्हणून प्रत्येक ग्रिडपुढे आरंभकोपरा (चालणे ज्या कोपऱ्यातून सुरू केले तो), पहिल्या रेषेची दिशा आणि त्यानंतरच्या रेषा कोणत्या बाजूला सरकल्या, या तीन गोष्टी उपकरण उचलण्यापूर्वी लिहाव्यात. सर्व ग्रिड सारख्याच असल्या तरी लिहाव्यात. ‘वरीलप्रमाणे’ असे लिहू नये.

टेप, सुतळी, बांबूच्या खुंट्या, पाणी, भारित बॅटऱ्या यांविषयी वेगळे सांगायला नको. चालणाऱ्याच्या अंगावर लोखंड नसावे. किल्ल्या, मोबाइल, पट्ट्याचे बक्कल, चपलेतले खिळेसुद्धा नकोत. आपल्याकडची अडचण याहून मोठी आहे. दख्खनचा बेसाल्ट हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि थंड होतानाचे चुंबकत्व त्याने धरून ठेवलेले आहे. टेकाडात गडगडत आलेला एखादा धोंडाही भाजलेल्या भट्टीसारखी ठळक खूण उमटवतो. त्यामुळे उपकरणाचे शून्य जुळवण्यासाठी चुंबकीयदृष्ट्या शांत जागा शोधण्यातच सकाळ जाऊ शकते. तेवढा वेळ हाताशी ठेवावा, आणि जुळवणीची ती जागाही वहीत नोंदवावी. केवळ चुंबकीय नकाशावरून भट्टी की धोंडा हे ठरवण्याची घाई करू नये. शक्य असल्यास त्याच ग्रिडवर जमिनीत सळया खुपसून मातीचा विद्युतरोधही मोजावा, आणि तो पावसाळ्यानंतर ओल असताना. एप्रिलमध्ये काळ्या जमिनीला भेगा पडतात, सळयांचा मातीशी नीट संपर्क होत नाही आणि वाचने भलतीच उसळतात. वाचनागणिक पुढे हलवायच्या फिरत्या सळयांमध्ये अर्धा मीटर अंतर असेल, तर एकाच जागी ठेवलेल्या स्थिर सळया किमान १५ मीटर दूर हव्यात.

चालण्याची दिशा ठरवतानाच सॉफ्टवेअरचा विचार करावा लागतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. झीरो मीन ट्रॅव्हर्स ही प्रक्रिया चालण्याच्या प्रत्येक रेषेची सरासरी शून्यावर आणून रेषारेषांतल्या फरकामुळे नकाशावर उमटलेले पट्टे घालवते. भिंत जर चालण्याच्या रेषेला समांतर असेल, तर ती भिंतही पट्टा समजून पुसली जाते, आणि पुसल्याची कोणतीही सूचना मिळत नाही. जमिनीवर बांधकामाची दिशा दिसत असेल तर तिला तिरके चालावे. आणि निवडलेली दिशा कुठे लिहायची? पुन्हा त्याच वहीत, आरंभकोपऱ्याच्या शेजारी. १९४६ साली इंग्लंडमधील डॉर्चेस्टर-ऑन-थेम्स येथे पुरातत्त्वज्ञ रिचर्ड ॲटकिन्सन यांनी विद्युतरोधाचे सर्वेक्षण केले, तेव्हा आकडे हातानेच उतरवून घ्यावे लागत, त्यामुळे वही आपोआप तयार होई. आज आकडे उपकरणात साठतात, म्हणून वही मागे पडते, आणि जे उपकरणात साठत नाही तेही तिच्याबरोबर जाते.

संगणकावर येताना मूळ फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवून ती केवळ वाचनीय करावी. प्रत्येक ग्रिडच्या फाइलीचे नाव वहीतल्या क्रमांकाशी जुळले पाहिजे. झाड, विहीर किंवा बांध आला म्हणून सोडलेल्या जागांचे वाचन रिकामे म्हणून ओळखले जाते का, हे तपासावे. जिओप्लॉटमध्ये त्यासाठी २०४७.५ हा आकडा वापरतात, आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरने तो खरे वाचन म्हणून घेतला तर सगळ्या सरासऱ्या बिघडतात. त्यानंतर कोणतीही प्रक्रिया न करता कच्चा जोडनकाशा काढून पाहावा. येथे थांबावे. आमच्या हातून निसटलेली जागा हीच: पट्टे काढून आणि ग्रिडांच्या कडा जुळवून झाल्यावर उलटी ग्रिडसुद्धा शेजारणीसारखीच दिसू लागली, कारण कडा जुळवणारी प्रक्रिया पार्श्वभूमीची पातळी सारखी करते, तुटलेली रेष जोडत नाही. कच्च्या नकाशात प्रत्येक सीमेवर बोट ठेवून, वही उघडी ठेवून, एकेका ग्रिडचा आरंभकोपरा ताडून पाहावा. आम्हाला महिन्याभराने शेतातल्या एका छायाचित्रात चालणाऱ्याची सावली आणि बाभळ एकत्र दिसली, त्यावरून दिशा कळली आणि तीन ग्रिड १८० अंशांत फिरवताच रेष जुळली. असे छायाचित्र प्रत्येक वेळी मिळेल असे धरून चालू नये.

मग क्रमाने टोकाची वाचने छाटावीत, लोखंडाच्या तुकड्यांमुळे एकाएकी उसळलेली वाचने काढावीत, पट्टे घालवावेत, ये-जा करताना सरकलेल्या रेषा सरळ कराव्यात. प्रत्येक पायरी नव्या नावाने जतन करावी आणि आधीच्या चित्राशी ताडावी. इंटरपोलेशन (दोन वाचनांमध्ये अंदाजाने आकडे भरणे) शेवटी, त्याने चित्र गुळगुळीत होते, माहिती वाढत नाही.

नकाशा करड्या छटांत काढावा. काळा म्हणजे धन की ऋण, आणि छटा किती नॅनोटेस्लांपासून (चुंबकीय क्षेत्राचे एकक) कितीपर्यंत आहेत, हे त्यावरच छापावे. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवताना यूटीएम या निर्देशांक पद्धतीचा विभाग महाराष्ट्राच्या बहुतेक भागासाठी ४३ उत्तर, तर ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेस, उदाहरणार्थ नागपुरात, ४४ उत्तर निवडावा. उत्तरबाण, प्रमाणपट्टी, तारीख.

आणि हे सर्व घरी परतल्यावर करू नये. त्याच संध्याकाळी टेकाडावर लॅपटॉप उघडून कच्चा नकाशा काढावा, आरंभकोपऱ्यांचा रकाना भरलेला आहे हे पाहावे, आणि मगच खुंट्या उपटाव्यात.