तांडेलाला दिसाल असं सामान घ्या

स्कूबा डायव्हिंगच्या पहिल्या कोर्सचं, म्हणजे ओपन वॉटरचं, कार्ड हातात आलं की खरेदीची यादी सुरू होते. आधी मास्क, मग फिन्स, मग हप्त्यावर डाइव्ह कॉम्प्युटर. काहींचा तर या सगळ्याच्या आधी गोप्रो. डाइव्ह संपवून वर आल्यावर बोटीला दिसण्यासाठी जे लागतं ते या यादीत सहसा नसतं, कारण सुरुवातीला ते इन्स्ट्रक्टरच्या बीसीडीला (हवा भरायच्या जॅकेटला) लटकलेलं असतं आणि आपण त्याच्या मागे मागे फिरत असतो. मी डाइव्हमास्टर, म्हणजे डायव्हरना पाण्याखाली नेणारा वाटाड्या, म्हणून काम करतो, हंगामाप्रमाणे मालवण, नेत्राणी आणि अंदमान. डाइव्हमास्टरचं काम शिकायला, डीएम ट्रेनी म्हणून येणारी मुलंमुली एक प्रश्न हमखास विचारतात, "दादा, कमी पैशात काय घेऊ?" त्याचंच हे जरा सविस्तर उत्तर.

खरेदीआधी बोटीवरून आपण कसे दिसतो ते समजून घ्या. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, उभा राहिला की त्याचे डोळे पाण्यापासून दोनेक मीटर उंच असतात. तेवढ्या उंचीवरून क्षितिज साधारण 5 किलोमीटरवर येतं. म्हणजे त्याला समुद्र भरपूर दिसतो, पण त्या समुद्रात तुमचं डोकं म्हणजे तरंगणारा नारळ. त्यात नव्या डायव्हरचा वेटसूट काळा, हूड काळा, बीसीडी काळा. मीटरभर लाट उठली की तुम्ही अर्धा वेळ खळग्यात असता. तुम्हाला बोट स्पष्ट दिसत असते म्हणून वाटतं की बोटीलाही आपण दिसतोय. तसं अजिबात नसतं.

म्हणून पहिले पैसे एसएमबीवर, म्हणजे हवा भरली की पाण्यावर उभा राहणाऱ्या लांब रंगीत फुग्यावर. बोटीवर त्याला सगळे सॉसेजच म्हणतात. खालून सोडायचा तो डीएसएमबी, आणि हल्ली दुकानात मिळणारे बहुतेक याच जातीचे. स्वस्तातला घ्यायला हरकत नाही, पण चार गोष्टी बघून. पहिली उंची. मीटरभराचे छोटे सॉसेज खिशात छान बसतात आणि लाटेत तितकेच छान लपतात. निदान दीड मीटरचा घ्या. दुसरी, खालचं तोंड. पूर्ण उघड्या तोंडाचा सगळ्यात स्वस्त असतो, पण वर आल्यावर दोरी जरा सैल पडली की आडवा होतो आणि हवा ओकून टाकतो. तोंडाशी आत पडदा असलेला किंवा डकबिल (बदकाच्या चोचीसारख्या) व्हॉल्व्हचा घेतला तर हवा आत जाते पण बाहेर येत नाही. तिसरी, जादा हवा सोडणारा व्हॉल्व्ह. तो नसेल तर बंद तोंडाचा सॉसेज वर येताना शिवणीत फाटू शकतो. चौथी, तोंडाने फुंकायची नळी. टाकी रिकामी झाली असेल किंवा हवा भरणारा इन्फ्लेटर बिघडला असेल तर वर आल्यावर तीच कामाला येते. सेकंडहँड मिळत असेल तर घरी फुगवून बादलीत दाबून बघा. शिवणीतून बुडबुडे आले की परत करा.

रंगाबद्दल प्रत्येकाचं वेगळं मत. पुष्कळ ठिकाणी नारंगी किंवा लाल म्हणजे "मी इथे आहे, सगळं ठीक" आणि पिवळा म्हणजे "अडचण आहे, या" असं मानतात. पण हा नियम सगळीकडे सारखा नाही, त्यामुळे डाइव्हआधीच्या सूचनांत (ब्रीफिंगमध्ये) विचारून घ्यायचं. आपल्या किनाऱ्यावर आणखी एक भानगड आहे. एकदा मालवणच्या बंदराबाहेर आम्ही वेगवेगळे सॉसेज पाण्यात सोडले आणि बोट बरीच लांब नेली. एक आखूड नारंगी, एक उंच नारंगी, एक उंच पिवळा. ट्रेनीने तांडेलकाकांना विचारलं, "काका, आधी कुठला दिसता?" काकांनी डोळ्यांवर हात धरला, जरा वेळ घेतला. "पिवळो दिसता. तो बारको नारंगी जाळ्याचो बोयो वाटता." झालं. आपल्या पाण्यात मासेमारीच्या जाळ्यांचे बोये, थर्मोकोलचे तुकडे, प्लास्टिकचे कॅन कायम तरंगत असतात, आणि तांडेलाची नजर ते सोडून द्यायलाच तयार झालेली असते. त्यात जे उभं आणि उंच आहे तेच वेगळं उठून दिसतं. संध्याकाळी सूर्य पश्चिमेला उतरला की चकाकीत सगळेच रंग काळपट होतात. तेव्हा रंगापेक्षाही उंचीच उपयोगी पडते. एकच घेणार असाल तर माझं मत उंच नारंगीला, कारण तो बहुतेक ठिकाणी चालतो. दुसऱ्याचे पैसे जमले की पिवळा.

मार्करने सॉसेजवर आपलं नाव मोठ्या अक्षरात लिहा. चार ग्रुप एकदम वर आले की कोण कुठे आहे ते बोटीवरून कळतं.

सॉसेजसोबत दोरी लागते, आणि इथे पैसे वाचतात. दांडी फिरवून दोरी गुंडाळायच्या रीलच्या मागे लागू नका. स्वस्त रीलची कडी मधेच अडकते, आणि सॉसेज वर जाताना रील अडकला तर तो तुम्हाला घेऊन वर निघतो. साधा फिंगर स्पूल घ्या, म्हणजे बोटांत धरायची दोरी गुंडाळलेली चकती. त्यात हलणारा भागच नाही, बिघडणार काय? सेफ्टी स्टॉपवरून, म्हणजे वर येताना 5 मीटरवर तीन मिनिटं थांबतो तिथून, सोडायला 15 मीटर दोरी पुरते. रेकवर (बुडालेल्या जहाजावर) किंवा करंटमध्ये (प्रवाहात) खोलवरून सोडायचा असेल तर 30 मीटर. विकत घेताना स्पूलच्या कडेवरून नख फिरवून बघा, खरखर लागली तर दुसरा मागा, कारण तिथेच दोरी झिजते. सोबतचा दुतोंडी स्नॅप हुक स्टेनलेस स्टीलचा हवा. पितळेवर चमक चढवलेले हुक एका हंगामात हिरवे होतात आणि त्यांची खिटी आखडते.

आता सोडण्याबद्दल थोडं, कारण घेऊन खिशात ठेवलेला सॉसेज म्हणजे नुसतं वजन. खाली किती हवा भरायची हे नव्यांना कळत नाही आणि ते गाल फुगवून फुगवून दमतात. 10 मीटरवर दाब वरच्या दुप्पट असतो, 20 मीटरवर तिप्पट. म्हणजे 10 मीटरवर अर्धा भरलेला सॉसेज वर पोचेपर्यंत टम्म होतो, 20 मीटरवर तिसरा हिस्सा पुरतो. दीड मीटरच्या नेहमीच्या सॉसेजला 20 मीटरवर एक मोठा उच्छ्वास बास होतो. 5 मीटरवर मात्र दोन तृतीयांश भरावा लागतो, आणि म्हणूनच सेफ्टी स्टॉपवर सोडलेले सॉसेज वर जाऊन मरगळलेले दिसतात. सोडण्याआधी वर बघा, बोट डोक्यावर नाही ना. स्पूल अंगठा आणि बोटाच्या मधे सैल धरा, दोरीचा वेढा बोटाला कधीही घेऊ नका, आणि स्पूल बीसीडीला अडकवलेला असताना तर सोडूच नका. गुंता झाला तर स्पूल सोडून द्या. गेला तर गेला, नवीन घेता येतो.

सॉसेज वर गेला की दोरी ताणून धरा, तेव्हाच तो उभा राहतो. तुम्ही स्वतः वर आलात की खालचं टोक पाण्याखाली ओढून धरा, कमी हवा असेल तर खालचा भाग गुंडाळून हवा वर ढकला. हे सगळं पूलमध्ये शिका. करंटमध्ये शिकायला गेलात की खोली सांभाळायची, दोरी सांभाळायची, बडी (जोडीदार) सांभाळायचा, यातलं एक तरी सुटतंच.

शिट्टीला दोन-तीनशे रुपये पुरतात. आत गोळी नसलेली घ्या. गोळीवाली ओली झाली की फुसफुसते. पाण्यात बुडवून लगेच वाजवून बघा, दुकानदाराला राग आला तर येऊ द्या. तीन वेळा वाजवणं ही मदतीची खूण आहे. भाड्याच्या बीसीडीला शिट्टी असेलच असं नाही, त्यामुळे स्वतःची छातीपाशी, हात सहज पोचेल तिथे बांधा. मात्र बोटीचं इंजिन चालू असेल तर तांडेलाला काही ऐकू जात नाही, हे धरूनच चाला. टाकीच्या हवेवर वाजणारे भोंगे मिळतात, आवाज जबरदस्त असतो, पण किंमतही तशीच आणि टाकी रिकामी असेल तर ते मुके. सुरुवातीला नकोत.

आरशाकडे कुणी बघत नाही आणि ऊन असेल तेव्हा त्याच्याइतकं लांब काहीच दिसत नाही. विकतचा परवडत नसेल तर जुनी डीव्हीडी घ्या. सीडी नको: सीडीचा चमकता थर वरच्या बाजूला जवळपास उघडाच असतो, खारं पाणी लागलं की पापुद्रे सुटतात. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मधे असतो. हात लांब करून हाताच्या दोन बोटांचा व्ही करा, समोरची डाइव्ह बोट त्या व्हीच्या मधे दिसेल असं धरा आणि चमक हाताच्या बोटांवर पाडा. ती तिथे पडली की बोटीवरही पोचली. डीव्हीडीच्या मधल्या भोकातून नेम अजून सोपा जातो.

रात्रीच्या डाइव्हला टॉर्च असतोच. दिवसाही छोटा बॅकअप टॉर्च जवळ ठेवा. दुपारी उशिरा सुरू झालेली डाइव्ह आणि लांबलेला शोध, दोन्ही अंधारात जातात. फिकट कापडाच्या सॉसेजच्या तोंडाशी आत टॉर्च लावला की अख्खा सॉसेज उजळतो.

"एवढं कशाला, बोट तर तिथेच असते," हे वाक्य मी फार ऐकतो. 1998 साली ग्रेट बॅरियर रीफवर एका अमेरिकन जोडप्याला मागे ठेवून बोट परतली, आणि दोघं बेपत्ता आहेत हे दोन दिवसांनी लक्षात आलं. 2014 साली बालीजवळ हवामान बिघडल्यावर सात जपानी महिला डायव्हर वाहून गेल्या. पाच जणी तीन दिवसांनी जिवंत सापडल्या, दोघी गेल्या. नेत्राणी बेट कर्नाटकातल्या मुरुडेश्वरपासून समुद्रात बरंच आत आहे, आणि अंदमानात डिक्सन्स पिनॅकलसारख्या जागी करंट जोरात असला की सेफ्टी स्टॉपच्या तीन मिनिटांतही माणूस मूळ जागेपासून चांगलाच लांब जातो.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंबद्दल हल्ली खूप विचारणा होते. नॉटिलस लाइफलाइनसारखं जीपीएस यंत्र अमेरिकेत दोनशे डॉलरच्या पुढे मिळतं आणि ते आसपासच्या जहाजांना एआयएसवर (जहाजांची जागा दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेवर) तुमची जागा कळवतं. यंत्र उत्तम आहे. पण आपल्या छोट्या डाइव्ह बोटींवर एआयएसचा पडदा सहसा नसतो, मग ऐकणार कोण? मालदीव किंवा तांबड्या समुद्रात लिव्हअबोर्डवर (मुक्कामाच्या डाइव्ह बोटीवर) जाणार असाल तर विचार करा, मालवणसाठी नको. उपग्रहावर चालणाऱ्या गोष्टींत आणखी सांभाळून. 406 मेगाहर्ट्झचे पीएलबी, म्हणजे अंगावर बाळगायचे मदतीचे बीकन, जो संकेत पाठवतात तो भारतात बंगळूरच्या केंद्रामार्फत तटरक्षक दलाकडे जातो, पण परदेशात घेतलेल्या बीकनमध्ये त्या देशाचा कोड असतो आणि त्याची नोंदणी लागते. आणि गार्मिन इनरीचसारखे सॅटेलाइट मेसेंजर दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात बाळगणं बेकायदा आहे. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटकांना यावरूनच पकडलं होतं. अमेरिकेतला मामेभाऊ प्रेमाने पाठवत असेल तर त्याला आधीच थांबवा.

त्याऐवजी दुसरं एक काम करा, आणि त्याला खर्च शून्य. डाइव्हला जाण्याआधी किनाऱ्यावरच्या माणसाला बोटीचं नाव, जागा आणि परतायची वेळ सांगून ठेवा, आणि तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक त्याच्या फोनमध्ये भरून द्या. बोटीत बसल्यावर तांडेलाशी ओळख करून घ्या, आपला सॉसेज त्याला उघडून दाखवा. कुठल्या बाजूने वर येणार तेही सांगा. मला तरी आजवर एकाही तांडेलाने याचा कंटाळा केलेला आठवत नाही. उलट ते मग तुमचा रंग शोधत राहतात.

ट्रेनी म्हणून कामाला येणार असाल तर उंच सॉसेज, 15 मीटरचा स्पूल आणि शिट्टी एवढं स्वतःचं असू द्या. आरसा नंतर, टॉर्च नंतर. संध्याकाळी सगळं गोड्या पाण्यातून काढा, सॉसेजच्या आतही पाणी घालून हलवा, डकबिल चिकटला असेल तर बोटाने सोडवा आणि सावलीत वाळवा. स्पूलची दोरी महिन्यातून एकदा पूर्ण उलगडून पुन्हा गुंडाळा, फार घट्ट नको, नाहीतर खाली ओल्या हातमोज्यांनी ती सुटत नाही.