भिगवणपर्यंत हात बधीर होतात? मग या चुका टाळा

पहाटे साडेपाचला मोटरसायकलवर पुण्याच्या वाटेने सोलापूर सोडलं. सावळेश्वरचा टोलनाका, मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, कुठेही न थांबता थेट भिगवणला चहा घ्यायचा असा बेत. बेत तडीस गेला, पण टपरीसमोर हेल्मेटचं बक्कल काही निघेना. बोटं दिसत होती जागेवर, पण ती दुसऱ्या कुणाची तरी असावीत तशी वाटत होती. चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून प्यायलो, लहान पोरं पितात तसा.

त्यानंतर मी जे केलं ते करू नका. आधी जाड ग्लोव्हज घेतले. मग ग्रिपवर फोमची कव्हरं चढवली. मग एका गॅरेजात गाडी दाखवली, तर तिथे सांगितलं की इंजिन खोलावं लागेल. शेवटी दुसऱ्या एका म्हाताऱ्या फिटरने गाडीकडे न बघता मला आधी सीटवर बसायला लावलं, हँडल धरायला लावलं आणि म्हणाला, "मालक, हँडल धरलालाव का म्हशीची शिंगं?"

खरेदी आधी, निदान नंतर

गॅरेजात जाण्याआधी एकच गोष्ट नीट बघायची: बधीर कोणती बोटं होतात?

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट झोपत असेल, तर दाब अल्नर नसेवर पडतोय. ही नस तळहाताच्या करंगळीकडच्या गादीजवळून जाते, आणि आपण अंगाचा भार हँडलवर टाकतो तेव्हा नेमकी तीच गादी ग्रिपवर टेकलेली असते. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट झोपत असेल, तर मीडियन नस. ती मनगटाच्या अरुंद बोगद्यातून येते, आणि मनगट वर किंवा खाली मुडपून तासभर तसंच ठेवलं की चेपली जाते. पाचही बोटं एकदम गेली तर ग्लोव्हज घट्ट आहेत, मूठ घट्ट आहे, किंवा गाडी खरोखरच जास्त थरथरतेय.

म्हणजे पहिल्या दोन प्रकारांत गाडीचा दोष कमी, बसण्याचा जास्त. थरथर त्यात भर घालते, पण चेपलेली नस मोकळी केल्याशिवाय ग्लोव्हज बदलून उपयोग नाही. उलट फोममुळे ग्रिप जाड होते, आणि हात लहान असेल तर ती धरायला मूठ आणखी आवळावी लागते. माझं तेच झालं.

आवळलेली मूठ

सोलापूरच्या उन्हात ही चूक हटकून होते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की तळवे घामेजतात, ग्रिप निसटेल असं वाटतं, आणि माणूस नकळत आवळत जातो. शेजारून ट्रक गेला की अजून आवळतो. मूठ जितकी घट्ट, तितकी हँडलची थरथर सरळ हाडांत उतरते.

हातात आपली कडक भाकरी धरलीय असं समजा. पडायला नको आणि मोडायलाही नको, तेवढाच जोर. अंगाचा भार हातांवर नाही, तर पाठीच्या खालच्या भागावर आणि टाकीला लावलेल्या गुडघ्यांवर हवा. चालत्या गाडीवर कोपरं कोंबडीच्या पंखांसारखी हलवून बघा. सहज हलली तर ठीक. हलली नाहीत, तर तुम्ही हँडलवर लोंबकळताय.

शोरूममधून आलं तसंच लिव्हर

दहा-दहा वर्षं गाडी चालवणारी माणसं क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचा कोन कधी बदलत नाहीत. तो बदलता येतो हेच अनेकांना ठाऊक नसतं. लिव्हर फार वर असेल तर त्यावर बोटं ठेवताना मनगट मागे मुडपतं, आणि पुण्यापर्यंत अडीचशे किलोमीटर ते तसंच राहतं.

गाडी स्टँडवर लावा, नेहमीसारखे बसा, डोळे मिटा, हात ग्रिपवर ठेवून बोटं सरळ लांब करा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक रेघ यायला हवी आणि लिव्हर बोटांखाली आपसूक सापडायला हवं. सापडत नसेल तर क्लॅम्पचे बोल्ट थोडे सैल करून लिव्हर फिरवा आणि पुन्हा आवळा. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून केबल ताणली जात नाही ना ते पाहा. खर्च शून्य.

उजव्या हाताची अडचण वेगळी. थ्रॉटल (वेग वाढवायची उजवी मूठ) बंद असताना मनगट सरळ धरलं, की पिळल्यावर ते खाली जातं आणि तिथेच अडकतं. म्हणून हायवेच्या वेगावर आलात की क्षणभर सैल करून हात पुन्हा नव्याने धरा. क्लच केबल कोरडी असेल तर डाव्या हाताचे हाल. तेलाचे चार थेंब सोडा, नाहीतर केबल बदलून टाका.

"इंजिनच थरथरतंय" हे गृहीत धरणं

गाडीची थरथर दोन ठिकाणांहून येते. एक इंजिनच्या फेऱ्यांबरोबर वाढते, दुसरी चाकाच्या वेगाबरोबर. सिंगल सिलिंडरचा पिस्टन 5,000 आरपीएमला सेकंदाला सुमारे 83 वेळा खाली-वर होतो, त्यामुळे त्याची थरथर बारीक आणि झिणझिण्या आणणारी असते. चाकाची मात्र ढोबळ, हेलकावे दिल्यासारखी.

ओळखायचं कसं? पहाटेच्या रिकाम्या, सरळ रस्त्यावर 60 चा वेग टॉप गिअरमध्ये धरा. मग वेग तोच ठेवून एक गिअर खाली या. थरथर बदलली तर दोष इंजिनच्या बाजूला. तशीच राहिली तर टायर, रिंग, चेन. आणखी खात्री हवी असेल तर क्लच दाबून गाडी थोडी घरंगळू द्या. इंजिन चालूच ठेवा, चालत्या गाडीत किल्लीला हात लावायचा नाही.

चाकाच्या बाजूचं बहुतेक लवकर सापडतं: हवा कमी-जास्त, रिंग आऊट म्हणजे वाकडी, टायर एका बाजूने खाल्लेला. पंक्चरवाल्याकडे चाक फिरवून बघितलं की कळतं.

इंजिनच्या बाजूला आधी फाउंडेशन बोल्ट, म्हणजे इंजिन चासीला धरून ठेवणारे बोल्ट, तपासा. बोल्टभोवती रंग उडालाय किंवा गंजाची भुकटी दिसतेय, म्हणजे तिथे हालचाल आहे. पण लांब पाईप लावून जीव खाऊन आवळू नका. ॲल्युमिनियमचे आटे गेले तर काम वाढतं. आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने, कंपनीने दिलेल्या मापाने आवळून घ्या. सायलेन्सरचा क्लॅम्प आणि फुटरेस्टचे रबर त्याच वेळी बघा.

बॅलन्सर शाफ्ट (इंजिनची थरथर मारणारा फिरता दांडा) नसलेल्या जुन्या बुलेटची थरथर हा तिचा स्वभाव आहे, त्यावर औषध शोधू नका. रॉयल एनफिल्डच्या 2020 च्या मिटिअरपासून आलेल्या नव्या 350 इंजिनांत तो शाफ्ट आहे. माझ्या मते मात्र बुलेटच्या धडधडीपेक्षा सव्वाशे सीसीची गाडी नव्वदला रेटणं हातांना जास्त महाग पडतं. प्रत्येक गाडीचा एक वाईट वेग असतो. तिथून पाचेक किलोमीटर खाली आलं की निम्मा त्रास जातो.

ताणलेली चेन

चेन वाजते म्हणून घट्ट करून घेणारे बरेच. घट्ट चेन गाडीला झटके देते आणि बेअरिंग खाते. स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर ढिलाई लिहिलेली असते. साध्या गाड्यांत बहुधा 20 ते 30 मिलिमीटर. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा. एका जागी घट्ट आणि दुसरीकडे सैल लागली तर चेन किट (चेन आणि तिची दातेरी चक्रं) संपलंय.

हँडलची टोकं काढून फेकणं

हँडलच्या टोकाला असलेले लोखंडी गट्टू शोभेचे नसतात. त्या वजनामुळे हँडलचं स्वतःचं थरथरणं खाली येतं. आमच्या गल्लीतल्या एका पोराने टोकाचे आरसे बसवायला ते काढले आणि आठवड्यात हात चोळत आला. आरसे उतरवून गट्टू परत लावले, तक्रार गेली. जाता जाता: मोबाईल होल्डरमधला फोनही हीच थरथर खातो. आयफोनच्या कॅमेऱ्यावर मोटरसायकलच्या कंपनांचा परिणाम होऊ शकतो, असं ॲपलनेच 2021 मध्ये सांगितलंय.

मुंग्या अंगवळणी पाडून घेणं

थांबल्यावर थोड्या वेळात जाणाऱ्या मुंग्या वेगळ्या. रात्री झोपेतून जाग आणणाऱ्या, शर्टाची बटणं लावताना बोटं चुकवणाऱ्या, गाडी न चालवताही राहणाऱ्या वेगळ्या. दुसऱ्या प्रकारात डॉक्टरांकडे जा, आणि मधुमेह असेल तर लवकर जा, कारण त्यानेही नसा बिघडतात.

मी आता टेंभुर्णीला थांबतो. ग्लोव्हज काढतो, मुठी दहा-वीस वेळा उघडतो-मिटतो, घड्याळाचा पट्टा एक घर सैल करतो. डाव्या करंगळीत थोड्या मुंग्या अजून असतात. चहा येईपर्यंत जातात, आणि ग्लास एका हाताने धरता येतो.