विंडोजवर लोकलहोस्टला जोडताना दोन सेकंद अडकतं: माझा अनुभव

भोसरीतल्या वर्कशॉपमधला सेटअप. वजनकाट्याचं रीडिंग देणारा पायथॉन सर्व्हर पोर्ट ९००० वर, बिलिंगचं सॉफ्टवेअर त्याच विंडोज पीसीवर, ‘लोकलहोस्ट’ (म्हणजे ‘हाच पीसी’) या नावाने सर्व्हरला जोडणारं. प्रत्येक रीडिंगला साधारण दोन सेकंद. लिनक्सवर मात्र तोच कोड झटकन.

टाइमआउट वाढवला, फायरवॉल बंद केली, नेगल (छोटे संदेश थांबवून एकत्र पाठवायची टीसीपीची पद्धत) बंद केलं. दोन दिवस वाया.

खरं कारण: ‘लोकलहोस्ट’चे दोन पत्ते मिळतात, आधी ::१ (नवा आयपीव्ही६ पत्ता), मग १२७.०.०.१ (जुना आयपीव्ही४ पत्ता). सर्व्हर फक्त आयपीव्ही४ वर ऐकत होता. ::१ वर नकार आला की लिनक्स लगेच पुढचा पत्ता धरतं. विंडोज त्याच पत्त्यावर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं, तिथे वेळ जातो.

क्लायंट (सर्व्हरला जोडणारा प्रोग्रॅम) आपल्या हातात असेल तर सरळ १२७.०.०.१ लिहा, विषय संपला. इथे बिलिंगवाल्यांनी लोकलहोस्ट पक्कं बसवलेलं, म्हणून सर्व्हर बदलला.

सर्व्हर दोन्ही प्रकारच्या पत्त्यांवर ऐकेल असं करायचं. आधी सॉकेट मॉड्यूलमधलं हॅझ_ड्युअलस्टॅक_आयपीव्ही६() ट्रू देतं का बघा, म्हणजे एकाच सॉकेटवर दोन्ही चालतात का ते कळतं. मग बाइंडऐवजी सॉकेट.क्रिएट_सर्व्हर (पायथॉन ३.८पासून): पत्ता रिकामा, पोर्ट ९०००, फॅमिली एएफ_आयनेट६, ड्युअलस्टॅक_आयपीव्ही६=ट्रू. रिकामा पत्ता म्हणजे सर्व्हर अख्ख्या नेटवर्कला दिसतो, तेव्हा फायरवॉल आठवणीने परत चालू करा.

यानंतर दोन गोष्टी मोडतात. ॲक्सेप्टमधून (नवी जोडणी स्वीकारणारं फंक्शन) येणारा क्लायंटचा पत्ता आता चार भागांचा असतो, त्यामुळे ‘होस्ट, पोर्ट = पत्ता’ ही ओळ व्हॅल्यूएरर देते; पत्ता[:२] घ्या. आणि आयपीव्ही४ क्लायंट ::एफएफएफएफ:१२७.०.०.१ असा दिसतो, म्हणून कोणाला जोडू द्यायचं त्या पत्त्यांच्या यादीशी जुळत नाही. आयपीॲड्रेस मॉड्यूलमधला आयपीव्ही४_मॅप्ड वापरून मूळ पत्ता काढा, मगच तुलना करा.